जागेवरून हललं की गेलं: डिचोलीकडच्या एका शाळेतलं शिकाऊ उत्खनन

प्रकरण असं आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं एक गाव, तिथलं मराठी माध्यमाचं हायस्कूल, आठवी-नववीची मुलं, आणि शाळेच्या मागे चिरे रचून बांधलेला एक मोठा हौद, ज्यात आम्ही थरावर थर घालून एक जुनं घर पुरलं आणि मुलांनी ते थंडीच्या दिवसांत शनिवारी-शनिवारी खणून काढलं. मी तिथे इतिहास शिकवते. हे सगळं सविस्तर लिहायला बसलेय कारण दुसऱ्या शाळांतले शिक्षक फोन करून विचारतात की तुम्ही नक्की केलंत काय, आणि फोनवर नेहमी खणण्याची मजाच सांगून होते, मुख्य गोष्ट राहून जाते. मुख्य गोष्ट ही की मुलांना खणायला शिकवायचं ते, वस्तू जागेवरून उचलली की काय हातचं जातं हे त्यांना स्वतःला कळावं म्हणून. वस्तू सापडण्याचा आनंद त्यांना कुणी शिकवावा लागत नाही.

आमच्या भागात जुन्या गोष्टींना तोटा नाही. हरवळ्याच्या गुहा जवळ, जांभ्यात कोरलेल्या, आत शिवलिंगं, मुलं पिकनिकला जातात, धबधब्यावर फोटो काढतात आणि "पांडवांनी एका रात्रीत खोदल्या" एवढं ऐकून परत येतात. नार्वेला सप्तकोटेश्वर आहे, कदंब राजांचं दैवत, दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पोर्तुगीजांच्या काळात पाडलं गेलं आणि नार्वेच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये सुरू करवला. हे सगळं दाराशी असून पुस्तकात मुलं वाचतात हडप्पा आणि मोहेंजोदडो. वर्गात विचारलं पुरातत्त्ववाले काय करतात, तर अर्ध्या वर्गाचं उत्तर सोनं शोधतात. त्यात मोबाईलवर मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांचे व्हिडिओ बघून बघून ते आणखी पक्कं झालेलं.

खऱ्या जागेवर खणायचा विचार आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे संरक्षित जागेत परवान्याशिवाय खणता येत नाहीच, पण संरक्षित नसलेल्या जागीसुद्धा पुरातत्त्वीय खणकाम राज्य सरकारला केंद्राची मंजुरी आधी घेतल्याशिवाय करता येत नाही, तिथे शाळेचा काय पाड. आणि कायदा नसता तरी मी ते केलं नसतं. जागा एकदा खणली की संपली, ती दुसऱ्यांदा तशी खणता येत नाही, शिकाऊ हातांनी ती संपवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? म्हणून हौद जमिनीच्या वर बांधला, साधारण कमरेएवढा, खालच्या मूळ मातीला कुदळ लागलीच नाही.

हौद भरण्याचं काम गावाने केलं आणि मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात चांगला भाग तोच होता. आमचा पट्टा मायनिंगचा. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मधे थोड्या चालू झाल्या, २०१८ ला परत बंद, त्यामुळे पोकलेन चालवलेली, ट्रक चालवलेली माणसं गावात घरटी एक सापडेल. त्यातले एक काका, त्यांची पुतणी आठवीत, एका संध्याकाळी आले आणि आमचा कागदावरचा आराखडा बघून म्हणाले, बाई, ही तर बेंच कापायचीच पद्धत, म्हणजे खाणीत पायऱ्या-पायऱ्यांनी खाली जातात तशी. मग त्यांनीच मुलांना सांगितलं की उभा कडा सरळ कापला नाही तर थर दिसत नाहीत, सुकलेल्या मातीत रंग मेल्यासारखे होतात, हलकं पाणी फवारलं की लगेच वेगळे दिसायला लागतात. उत्खननातही हेच करतात, पण मी पुस्तकात वाचलेलं आणि त्यांनी उभ्या आयुष्यात बघितलेलं. त्यांनी आणखी एक सांगितलं जे मुलांच्या डोक्यात बसलं: खाणीत वरची माती म्हणजे ओव्हरबर्डन, ती काढून डंपवर टाकायची आणि खालचा माल घ्यायचा. इथे उलटं, इथे ती वरची मातीच माल आहे.

खालून वर काय काय घातलं ते सांगते कारण सगळ्यात जास्त प्रश्न याच्यावर येतात. तळाला नदीची रेती. त्यावर मुरूम चोपून शेणाने सारवलेली जमीन, एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल, राख, कोळसे, तिसऱ्या आणि खुबे या खायच्या शिंपल्यांची कवचं, दोन मडकी फोडून जशी पडली तशीच ठेवलेली. त्यावर आगीचा थर, म्हणजे खरोखर झावळ्या जाळून केलेला, माती भाजून लाल झाली होती. त्यावर पडक्या मातीच्या भिंतीचा ढिगारा, मग मंगळुरी कौलांचे तुकडे, आणि सगळ्यात वर आपली रोजची तांबडी माती, त्यात प्लास्टिक, बाटलीची झाकणं वगैरे. आणि हे सगळं झाल्यावर वरून एक खांबाचा खड्डा थेट चुलीपर्यंत खणला, त्यात आजकालचं ५ रुपयांचं नाणं टाकलं आणि सैल मातीने भरून टाकला. हा खड्डा कुठे आहे ते फक्त मला आणि काकांना माहीत.

हाडं का नाही घातली असं एका पालकांनी विचारलं. घातली असती तरी चाललं असतं, पण आपल्याकडची जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात पावसाचा मारा, हाड फार काळ टिकत नाही, म्हणून गोव्यातल्या जुन्या वस्तीची कल्पना मुलांनी खापर, दगड, कोळसा यांवरूनच करायला शिकावी असं मला वाटलं.

मडकी डिचोलीच्या कुंभारांकडची. तिथले एक वयस्क कुंभार, मुलं त्यांना आजोबाच म्हणायला लागली, त्यांनी खास भाजून दिली आणि नंतर सापडलेली खापरं हातात घेऊन मुलांना दाखवलं की चाकावर काढलेल्या भांड्याच्या आत बोटांच्या बारीक रेघा राहतात, आणि तळ लाकडी फळीने थोपटून गोल केला असेल तर त्या भागात रेघा पुसल्या जातात. काठाचा एवढासा तुकडा असला तरी त्याच्या वळणावरून तोंड केवढं होतं ते काढता येतं, हे गणिताच्या सरांनी फळ्यावर वर्तुळं काढून करून घेतलं, आणि ज्या मुलांना भूमिती म्हटलं की घाम फुटतो ती मुलं तुकडा वर्तुळांवर ठेवून ठेवून उत्तर काढत होती. एक काळजी मात्र प्रत्येकाने घ्यावी: हौदात घातलेल्या एकूण एक वस्तूच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटचा ठिपका आणि वर्ष घातलेलं होतं. पुढे कधी ती खापरं कुठे पडली तर कुणी खरी समजून फसू नये.

गावची बैठक हौद बांधायच्या आधीच घेतली होती. दोन भीती समोर आल्या. एक राखणदाराची, म्हणजे गावची जागा राखणाऱ्या देवाची. जमीन उकरली की राखणदार कोपतो असं मानणारी माणसं आमच्याकडे आहेत आणि मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, उलट जागेला हात लावायच्या आधी विचारायचं ही सवय मला हवीच होती. गावकारांनी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतल्या मानकऱ्यांनी, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, मुलं सगळी उभी होती, आणि मग कुणी हरकत घेतली नाही. दुसरी भीती जमिनीची. काही जुनं निघालं आणि सरकारला कळलं तर घर बांधता येणार नाही, भाट, म्हणजे माडा-झाडांची बागायत, अडकेल. ही भीती सगळ्या गोव्यात आहे आणि तिच्यामुळेच कितीतरी गोष्टी रातोरात मातीत परत जातात. मी त्यांना साधं सांगितलं की ते १०० मीटरचं बांधकामबंदीचं क्षेत्र आणि त्याच्या पुढचं २०० मीटरचं नियंत्रित क्षेत्र राष्ट्रीय महत्त्वाच्या घोषित स्मारकांभोवती असतं, कुणाच्या परसात चार खापरं सापडली म्हणून ते आपोआप लागू होत नाही. सगळ्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. पण निदान लोक उघड बोलले.

आता खणण्याकडे येते. हौदावर सुतळी आणि खुंट्यांनी एक-एक मीटरचे चौकोन पाडले, कडेला न खणलेली पट्टी ठेवली म्हणजे थर उभे दिसतात. हत्यारं सगळी गावचीच: गवंड्याची छोटी थापी, रंगाचे जुने ब्रश, घमेली, चाळणी, ओळंबा. खोली मोजायला गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी, तिने लेव्हल इतकी नेमकी येते की महागड्या यंत्राची गरजच पडली नाही.

दोन चौकोनांना मी मुद्दाम वेगवेगळे नियम दिले. पहिल्या चौकोनाच्या मुलांना सांगितलं, जेवढ्या वस्तू काढता येतील तेवढ्या काढा, पुसून टेबलावर मांडा. दुसऱ्याला नियम असा की वस्तू दिसली की हात मागे, आधी आजूबाजूची माती साफ करायची, मग दोन बाजूंनी अंतर, खोली, मातीचा रंग, फोटो, कागदावर चित्र, चिठ्ठी, आणि मगच उचलायची. आणि थर बदलला की थांबायचं, वरचा पूर्ण काढल्याशिवाय खालच्याला हात नाही. पहिल्या चौकोनात काय जल्लोष होता, दर पाच मिनिटांनी ओरड, दुसऱ्यातली मुलं रडकुंडीला आलेली, बाई आम्हालाही तसंच करू द्या ना.

नंतर दोन्ही गटांना समोर बसवून तेच प्रश्न विचारले. आग आधी लागली की कौलं आधी आली? चूल घराच्या आत होती की बाहेर? फुटलेली दोन्ही मडकी एकाच वेळची का? हे ५ रुपयांचं नाणं चुलीच्या उंचीला कसं आलं, म्हणजे हे घर आताचंच का? नाण्याचा खड्डा दोन चौकोनांच्या बरोबर मधे येईल असा ठेवलेला, त्यामुळे अर्धा खड्डा इकडे अर्धा तिकडे. पहिल्या गटाच्या टेबलावर दुप्पट वस्तू होत्या, स्वच्छ, ओळीत मांडलेल्या, आणि त्यांना एकाही प्रश्नाचं खात्रीचं उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या गटातल्या एका मुलीने वही उघडली आणि म्हणाली, बाई, तिथे माती सैल होती आणि काळपट होती, गोल होती, वरच्या तांबड्या मातीपासून खालीपर्यंत तशीच, म्हणजे कुणीतरी वरून नंतर खड्डा मारलाय, नाणं त्या खड्ड्याचं आहे, चुलीचं नाही. पहिल्या गटातला एक मुलगा उठून विचारायला लागला, आम्ही सगळं परत होतं तसं ठेवू का? आणि मग त्याच्याच लक्षात आलं की कुठे होतं तेच त्याला माहीत नाही. त्याचा चेहरा मला फार लागला. वर्गात शंभर वेळा सांगून जे झालं नसतं ते तिथे झालं.

पुढच्या शनिवारी गट बदलले आणि पहिल्या गटानेही तिसरा चौकोन नीट नोंदी करून खणला, कुणालाही फक्त हरवण्याचाच अनुभव देऊन घरी पाठवू नये असं माझं ठाम मत आहे.

कौलांवरून काळ कसा सांगायचा हेही तिथेच शिकवलं. मंगळुरी कौलाचा कारखाना बासेल मिशनवाल्यांनी मंगळूरला १८६५ ला काढला, म्हणजे ज्या थरात असं कौल खरोखर त्या थराचंच म्हणून सापडतं तो थर १८६५ च्या आधीचा असूच शकत नाही, मग त्यात बाकी कितीही जुनं दिसणारं काही असो. थरातली सगळ्यात नवी वस्तू थराचं वय बांधून देते. मुलांनी घरी जाऊन स्वतःच्या घरांच्या कौलांवरची कारखान्यांची नावं वाचून आणली, एका घरात तीन वेगवेगळ्या कारखान्यांची निघाली, आणि त्यावरून आजोबांशी बोलून छप्पर कधी कधी दुरुस्त केलं याची यादीच तयार झाली.

जागेचं महत्त्व मोठ्यांना सांगताना मी दरवेळी ओल्ड गोव्याचं उदाहरण देते. जॉर्जियाची राणी केतेवान, तिला १६२४ ला इराणात शिराझला शाह अब्बासच्या हुकमाने मारलं, ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अवशेषांतला काही भाग १६२७ ला गोव्यात आणला. जुन्या पोर्तुगीज लिखाणात जागा लिहिलेली होती, संत ऑगस्टिनच्या कॉन्व्हेंटमध्ये, चॅप्टर नावाच्या प्रार्थनाघरातल्या दुसऱ्या खिडकीपाशी. सगळी इमारत कोसळलेली, आता ४६ मीटरचा बुरूज तेवढा उभा दिसतो, त्याच्या अवशेषांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खणून भिंती, खिडक्या ओळखून त्या जागेचा शोध घेतला आणि तिथल्या परिसरात हाताचं हाड मिळालं. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू-जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने डीएनए तपासला, २०१३ ला निष्कर्ष आले, आणि २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला दिले. तेच हाड कुणी खजिना म्हणून उकरून बाजूला टाकलं असतं तर ते फक्त एक हाड राहिलं असतं, ते तपासावं असंसुद्धा कुणाला सुचलं नसतं. बैठकीत हे सांगितल्यावर देवस्थान समितीचे एक सदस्य बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, मग आपल्या तळीकडचे दगड?

इथून प्रकरणाला दुसरं वळण लागलं. देवळाच्या तळीच्या काठावर काही जुने कोरीव दगड पडून होते, त्यात एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, स्पष्ट ओळखू येतो, खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर लिंगाची पूजा. बाकीचे झिजलेले. समितीचं नवीन स्वयंपाकघराचं काम चालू होतं आणि हे दगड पायाच्या भरावात जाणार होते. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता हे मला मुद्दाम सांगायचंय. भग्न मूर्ती पुजायची नाही, नवी प्रतिष्ठापना झाली की जुनी विसर्जित करायची, हीच आपली रीत, आणि पायात गेलेला दगड देवाच्याच जागेत राहिला असं लोक मनापासून मानतात.

मुलांना घेऊन तिथे गेले तेव्हा नववीतल्या एका मुलाने पहिला प्रश्न विचारला की हे दगड इथलेच आहेत की कुणी आणून टाकलेत. हौदाने शिकवलेला प्रश्न. समितीत कुणालाच माहीत नव्हतं. पलीकडच्या घरातल्या एक आजी आमचा गोंधळ ऐकून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, इथले खंय, हे शेताच्या बांधावर उभे होते, रस्ता रुंद केला तेव्हा आणून टाकले, मी तेव्हा नवी नवरी. एका क्षणात सगळं बदललं. त्या दगडांचं मूळ ठिकाण सांगणारी नोंद जगात एकच होती आणि ती या आजींच्या आठवणीत होती. मुलांनी तिथेच बसून सगळं लिहून घेतलं, कुठला दगड कुठे होता, किती उभे किती आडवे, लोक तिथे काही वाहायचे का, आणि दोन गोष्टी आजींनी ठाम सांगितल्या, एका बाबतीत नक्की आठवत नाही म्हणाल्या, तेही तसंच लिहिलं. मला वाटतं गावच्या लोकांना वारशाच्या कामात बोलवायचं म्हणजे खुर्च्या मांडून भाषण ऐकवायचं नाही, त्यांच्याकडे जे आहे ते नोंदवहीत उतरवायचं.

तळीकडे एक इंचही खणलं नाही. टेपने मापं, पट्टी ठेवून फोटो, होकायंत्राने दिशा, हाताने चित्रं. दगडावर खडू नाही, तेल नाही, घासणं नाही. समितीतल्या एका तरुण सदस्याला दगड ऑइल पेंटने रंगवून देखणे करायचे होते, त्याला सांगितलं की रंगाखाली ओल अडकते, कोरीव कामाच्या बारीक कडा भरून जातात आणि पुढे तो रंग काढताना पापुद्रा निघतो. त्याने ऐकलं, आणि आता तळीवर येणाऱ्या लोकांना तोच सांगतो.

निकाल काय लागला? भरावात एकही दगड गेला नाही. समितीने ते तळीच्या भिंतीला लागून चिऱ्यांवर ठेवले, हलवण्याआधी प्रत्येकाची जागा मापून, क्रमांक देऊन. एक दगड आधीच पायरीत सिमेंटने बसवलेला निघाला, तो तसाच राहू दिला कारण छिन्नी लावली तर तुटणार. मापं, चित्रं, आजींचं सांगणं, सगळ्याची फाईल करून पणजीला पुरातत्त्व खात्यात दिली आणि एक प्रत पंचायतीत ठेवली. खात्याकडून बघायला माणूस यायचाय. दगडांवर छप्पर घालावं की नाही यावर समितीत अजून एकमत नाही, काहींना वाटतं छप्पर घातलं की लोक पूजा सुरू करतील आणि मग अभिषेक, तेल, शेंदूर आलंच. हा मुद्दा खरा आहे आणि त्याचं उत्तर गावानेच काढावं.

एक गोष्ट बाकीच्या शाळांनी आधीच धरून चालावी. खणायची गोडी लागली की मुलं घरी जाऊन खणतात. आमच्याकडे एका आईचा फोन आला की मुलगा भाटात खुरपं घेऊन बसलाय. म्हणून हौदाच्या पहिल्याच दिवशी एक पान वहीत चिकटवून घ्यायचं ठरवलंय: विहीर, पाया, पाईपलाईन खणताना काही दिसलं तर ओढून काढायचं नाही, जागेवर फोटो काढायचा, बाजूला काठी रोवायची, वरून झाकायचं आणि शाळेत किंवा पंचायतीत सांगायचं. १०० वर्षांहून जुनी वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरू शकते आणि ती मनाला येईल तशी विकता येत नाही हेही त्याच पानावर आहे.

यंदा हौद भरायचं काम मी मुलांकडेच दिलंय. जी नववीत गेली ती नव्या आठवीसाठी थर रचणार, कुठे काय पुरलं त्याचा नकाशा बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे. त्यांच्या चर्चा ऐकण्यासारख्या असतात, पुराचा थर घालायचा तर गाळ बारीक हवा की जाड, उंदराचं बीळ दाखवायचं तर कसं, आधीच्या घराचे चिरे काढून नंतरच्या माणसाने वापरले असं दाखवता येईल का. शेवटचा प्रश्न फार मोठा आहे आणि मला त्याची तयारी करायला हवी. बांधावरची जागा मात्र अजून मापून झालेली नाही, सध्या तिथे वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतर घेतात ते भात उभं आहे. कापणी झाली की टेप आणि नळी घेऊन जायचं ठरलंय, आजींना तेवढं चालवत नाही म्हणून पोकलेनवाल्या काकांनी त्यांना जीपने आणायचं कबूल केलंय.